हक्काचे शिक्षण आणि कराराचा शिक्षक

सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२५ रोजी देशातील सर्व राज्य सरकारांना व केंद्रशासित प्रदेशांना एक आदेश दिला. दिव्यांग मुलांना शिकविण्यासाठी आपल्या शाळांत किती विशेष शिक्षक लागतील हे ठरवावे, तितकी पदे मंजूर करून २८ मार्चपर्यंत ती अधिसूचित करावीत आणि त्यानंतर निवडीची व नेमणुकीची प्रक्रिया सुरू करावी, असे त्या आदेशाचे सार होते. काही राज्यांत वीस-वीस वर्षे करारावर अथवा रोजंदारीवर हे काम करणारे शिक्षक आहेत. त्यांच्या पात्रतेची छाननी करण्यासाठी प्रत्येक राज्याने तीन सदस्यांची समिती नेमावी, पात्र ठरणाऱ्यांना नियमित वेतनश्रेणीत सामावून घ्यावे आणि त्यासाठी वयाची अट शिथिल करावी, असेही न्यायालयाने बजावले. शाळेत शिक्षक नेमा, एवढी साधी गोष्ट सरकारला सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला तारीख आखून द्यावी लागली, याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे.

हा आदेश अचानक आलेला नाही. उत्तर प्रदेश व पंजाबमधील करारावरच्या विशेष शिक्षकांनी दाखल केलेल्या याचिकांवर याच न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी निर्णय दिला होता. किती दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा याचे प्रमाण केंद्र सरकारने ठरवावे आणि त्यानुसार कायमस्वरूपी पदे निर्माण करावीत, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात दुरुस्ती केली. प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण त्यामुळे कायद्यात आले. कागदावर प्रश्न सुटला. प्रत्यक्षात, निर्णयानंतर साडेतीन वर्षे उलटत आली तरी बहुतेक राज्यांनी पदे निश्चितही केलेली नव्हती.

या दिरंगाईला अकार्यक्षमता म्हणून सोडून देता येणार नाही. तिच्या मागे एक धोरण आहे, आणि ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या देशात दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा आरंभ दयाबुद्धीतून झाला. मुंबईत मूकबधिरांसाठी शाळा निघाली ती एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात. अमृतसरला १८८७ मध्ये अंधांसाठी पहिली शाळा निघाली आणि मुंबईतही विसाव्या शतकाच्या आरंभी अंध मुलांच्या शाळा सुरू झाल्या. मिशनरी, दानशूर व्यक्ती, पुढे पालकांनी उभारलेल्या संस्था यांनीच हे काम केले. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु यातून राज्यकर्त्यांच्या मनात अशी समजूत रुजली की, ही मुले म्हणजे समाजकल्याणाचा विषय. शिक्षण खात्याचा त्यांच्याशी संबंध नाही. सरकारने अनुदान द्यावे, संस्थांनी पुण्य करावे आणि पालकांनी उपकृत व्हावे, अशी ती वाटणी होती.

शिक्षण हा उपकार नसून हक्क आहे, ही मांडणी महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात बहुजनांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक मांडले; ते फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा निर्णय घेतला. पैसा नाही, शिक्षक नाहीत, लोकांची तयारी नाही, हे आक्षेप तेव्हाही घेतले गेले होते. आज दिव्यांग मुलांच्या संदर्भात नेमके तेच आक्षेप पुन्हा घेतले जात आहेत. शंभर वर्षांत आक्षेपांची भाषाही बदललेली नाही.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने दिव्यांग मुलांना शक्यतो सर्वसाधारण शाळांतच शिक्षण मिळावे असा आग्रह धरला. केंद्र सरकारने १९७४ मध्ये एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली, तीही समाजकल्याण खात्यामार्फत. शिक्षण खात्याकडे ती १९८२ मध्ये आली. १९९५ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक अपंग मुलाला मोफत शिक्षण उपलब्ध करून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला तेव्हा वंचित घटकांच्या व्याख्येत या मुलांचा स्पष्ट उल्लेख नव्हता. तो करण्यासाठी २०१२ ची दुरुस्ती लागली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्यताप्राप्त दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले आणि सर्वसमावेशक शिक्षण हे सरकारचे कर्तव्य ठरविले. म्हणजे मुलाचा हक्क टप्प्याटप्प्याने वाढत गेला. त्या हक्काची अंमलबजावणी ज्याच्या हातून व्हायची त्या शिक्षकाचे स्थान मात्र घसरत गेले. हक्क कायद्याने दिला, शिक्षक योजनेने दिला. आणि योजना म्हटली की मुदत आली, मुदत आली की करार आला.

समग्र शिक्षा अभियानात, आणि त्यापूर्वीच्या सर्व शिक्षा अभियानात, विशेष शिक्षकांची भरती याच पद्धतीने झाली. त्यांना वेतन नाही, मानधन आहे. ठरावीक मुदतीचा करार संपला की तोच मनुष्य त्याच कामावर नव्या कराराने रुजू होतो. निवृत्तिवेतनाचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रकल्पाचा निधी येण्यास उशीर झाला की मानधनासही उशीर होतो. गिरणीतील बदली कामगाराची कहाणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही व्यवस्था ओळखण्यास अडचण पडू नये. काम कायमचे आणि कामगार तात्पुरता, हे भांडवलशाहीचे जुने सूत्र सरकारने शाळेत आणले आणि त्यास प्रकल्प असे नाव दिले.

या प्रश्नाची आकडेवारी बोलकी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. एकोणीस वर्षांपर्यंतची मुले देशात ७८ लाखांहून अधिक होती. युनेस्कोने २०१९ मध्ये भारतासंबंधी प्रसिद्ध केलेल्या अहवालात या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले की, पाच ते एकोणीस वयोगटातील दिव्यांग मुलांपैकी २७ टक्के मुलांनी कधी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते आणि पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुले कोणत्याही शैक्षणिक संस्थेत नव्हती. २०२१ च्या निकालाच्या वेळी न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार शाळांत नोंदलेली दिव्यांग मुले सुमारे साडेबावीस लाख होती, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले विशेष शिक्षक सुमारे एक लाख वीस हजार. पंधरा मुलांमागे एक शिक्षक धरला तरी या मुलांसाठी दीड लाख शिक्षक हवेत. दहामागे एक धरला तर सव्वादोन लाख. याचा अर्थ असा की, नोंदणी असलेला एकूणएक शिक्षक उद्या सेवेत घेतला तरी पट पुरा होणार नाही. हा हिशेबही केवळ शाळेत आलेल्या मुलांचा आहे. जी आलीच नाहीत त्यांचा हिशेब कोणीच मांडलेला नाही.

पैशाचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांत एका दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरलेली आहे. दिवसाला हे दहा रुपयेही होत नाहीत. त्याच अभियानात दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये, तेही वर्षातील दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ता आहे. खेड्यातील पालक दिव्यांग मुलाला शाळेत पाठविण्यास कचरतात, आणि दिव्यांग मुलीला पाठविण्यास अधिकच कचरतात. त्या मुलीच्या वाटेतील अडथळ्यांची किंमत सरकारने महिन्याला दोनशे रुपये ठरविली आहे.

विशेष शिक्षक नेमके काय करतो याची स्पष्ट कल्पना नसल्यामुळे अनेकदा असे विचारले जाते की, वर्गशिक्षकानेच या मुलांकडे थोडे अधिक लक्ष दिले तर काय बिघडेल? वर्गशिक्षकाने लक्ष द्यावे हे योग्यच आहे. परंतु दृष्टिहीन मुलाला सहा टिंबांची ब्रेल लिपी बोटांनी वाचण्यास शिकविणे, ती न जाणणाऱ्या शिक्षकास केवळ सहानुभूतीच्या बळावर जमणार नाही. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा वेळेवर मिळाली नाही तर त्याचे भाषेचे वय निघून जाते आणि पुढील सर्व शिक्षण लंगडे पडते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला अंघोळ करणे, नाणी-नोटा ओळखणे, दुकानातून वस्तू आणून उरलेले पैसे मोजून घेणे या गोष्टी लहान लहान पायऱ्या पाडून महिनोन्महिने शिकवाव्या लागतात. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलाची बुद्धी उत्तम असूनही हात व जीभ साथ देत नाहीत. त्याला कसे बसवावे, पेन्सिलीऐवजी काय द्यावे, त्याचे उत्तर कसे समजून घ्यावे, हे शास्त्र आहे. प्रत्येक मुलाचा वेगळा अभ्यास-आराखडा करणे, त्याची प्रगती नोंदविणे, पालकांना घरी काय करायचे ते दाखविणे आणि वर्गशिक्षकाला साह्य करणे, हे त्याचे काम. म्हणूनच १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने या कामासाठी नोंदणी आवश्यक ठरविली आणि नोंदणीविना ते करणे हा शिक्षेस पात्र गुन्हा मानला. अपात्राने शिकविले तर कायदा शिक्षा करतो. पात्र शिक्षक न नेमणाऱ्या सरकारला मात्र कसलीच शिक्षा नाही!

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर राज्य सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरात विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला आणि अभियानात करारावर काम करणाऱ्या सुमारे तीन हजार शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचे ठरविले. शिक्षकांच्या दीर्घ लढ्याचे हे फळ आहे, आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. तथापि हे पद शाळेवर नसून केंद्रावर आहे; एका केंद्रास एक शिक्षक, असे त्याचे स्वरूप आहे. एका केंद्रात दहा-बारा शाळा धरल्या तर रोज एक शाळा केली तरी एका शाळेत त्याची दुसरी फेरी दोन आठवड्यांनी होणार. पंधरवड्यातून एकदा येणाऱ्या शिक्षकाच्या भरवशावर ब्रेल येत नाही आणि खुणांची भाषाही येत नाही. अक्कलकुवा-धडगाव, भामरागड अथवा मोखाडा-जव्हार यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत, जेथे पाड्यापाड्यांतून पायी जावे लागते, तेथे तर ही फेरी आणखी लांबणार. केंद्रामागे एक पद हा आरंभ म्हणून ठीक. परंतु कायद्यातील प्रमाण मुलांच्या संख्येवर आधारलेले आहे, केंद्रांच्या संख्येवर नव्हे, याचा विसर पडू देता कामा नये.

दुसरी अडचण खात्यांच्या विभागणीची. दिव्यांगांच्या विशेष शाळा व कर्मशाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, सर्वसाधारण शाळेतील दिव्यांग मूल शालेय शिक्षण विभागाकडे. केंद्रातही तीच तऱ्हा : पुनर्वास परिषद सामाजिक न्याय मंत्रालयाच्या कक्षेत, शाळा शिक्षण मंत्रालयाच्या कक्षेत. परिणामी विशेष शाळेतील अनुभवी शिक्षकाचा उपयोग शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला होत नाही आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ पाहणारे मूल दोन खात्यांच्या उंबरठ्यांमध्ये अडकते. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, याचा अभिमान मिरविला गेला. स्वतंत्र विभागामुळे प्रश्नाकडे लक्ष वेधले जाते हे खरे. पण मुलाचे शिक्षणही त्यामुळे वेगळ्या दप्तरात बांधले जाणार असेल तर समावेशनाचा अर्थच उरत नाही.

तिसरा मुद्दा नव्या शैक्षणिक धोरणाचा. विशेष शिक्षकांची नितांत गरज आहे, हे २०२० च्या धोरणाने मान्य केले आहे. परंतु त्यावर उपाय म्हणून सर्वसाधारण शिक्षकांनी अल्प मुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून हे दुय्यम कौशल्य मिळवावे, अशी वाट दाखविली आहे. प्रत्येक शिक्षकाला या विषयाचे प्राथमिक ज्ञान हवे, याबद्दल दुमत नाही. मुलांच्या अडचणी शिक्षकाने लवकर ओळखाव्यात म्हणून ‘प्रशस्त’ नावाची पडताळणी-सूचीही राष्ट्रीय परिषदेने तयार केली, तीही उपयुक्त आहे. धोका असा की, मोबाईलवर सूची भरली आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागले की कर्तव्य संपले असे मानले जाईल आणि पूर्णवेळ पद निर्माण करण्याचा खर्च टळेल. निदान करणारे पुष्कळ आणि शिकविणारा कोणी नाही, अशी अवस्था आली तर ती पालकांची क्रूर थट्टा ठरेल.

जेथे सर्वसाधारण शिक्षकांचीच पदे रिक्त आहेत तेथे मूठभर मुलांसाठी वेगळी पदे कशी मागता, असाही एक आक्षेप घेतला जातो. तो वरवर व्यवहारी वाटतो, पण वंचितांनी एकमेकांच्या ताटाकडे पाहावे आणि वाढणाऱ्याच्या हाताकडे पाहू नये, अशी त्याची शिकवण आहे. कमी पटाची शाळा बंद झाली तर धडधाकट मूल दोन-तीन किलोमीटर चालत दुसऱ्या गावी जाईल. चाकाच्या खुर्चीतले मूल कायमचे घरी बसेल. गावातील शाळा वाचविण्याचा, रिक्त पदे भरण्याचा आणि विशेष शिक्षक मिळविण्याचा लढा ही एकाच मागणीची तीन रूपे आहेत. शिक्षक संघटनांनी हे ओळखून करारावरील विशेष शिक्षकांना आपल्या संघटनेत बरोबरीचे स्थान दिले पाहिजे. आजवर त्यांना आपल्या मागण्यांचे निवेदन घेऊन बहुधा एकट्यानेच मोर्चे काढावे लागले.

त्याचबरोबर, चळवळीने एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. शिक्षकाचे हित आणि मुलाचे हित बहुतांशी एक असले तरी सर्वस्वी एक नाही. सेवेत कायम झालेला शिक्षक दुर्गम केंद्रावर जाण्यास नकार देऊ लागला, किंवा त्याला जनगणनेच्या, निवडणुकीच्या आणि कार्यालयीन कारकुनीच्या कामाला जुंपले गेले, तर पद भरूनही मूल रिकामेच राहील. केवळ अंध मुलांचे शिक्षण शिकलेल्या शिक्षकावर कर्णबधिर मुलाची जबाबदारी टाकून पट जुळविला गेला तर तीही फसवणूकच. न्यायालयाने नियमित करण्यापूर्वी पात्रतेच्या छाननीची अट घातली ती योग्य आहे, आणि संघटनांनी तिला विरोध न करता ती प्रामाणिकपणे व वेळेत पार पडेल असा आग्रह धरावा. नोकरीची शाश्वती हा शिक्षकाचा हक्क आहे. त्या शाश्वतीतून मुलाला काय मिळाले, हे विचारणे हा पालकांचा हक्क आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना यात पुष्कळ करण्यासारखे आहे. आपल्या गावात, वस्तीत, तांड्यावर शाळेबाहेर राहिलेली दिव्यांग मुले किती, याची घरोघर जाऊन नोंद करणे हे पहिले काम. शाळेच्या दप्तरात ती सापडणार नाहीत. ती माजघरात, गोठ्याच्या कडेला, आजीच्या नजरेखाली असतात. वैश्विक ओळखपत्राअभावी कोणाचा लाभ अडला असेल तर जिल्हा रुग्णालयातील तपासणीपर्यंत त्या कुटुंबाची सोबत करणे हे दुसरे काम. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, घरी येऊन शिकविण्याची सोय, परीक्षेत लेखनिक, या सवलती अस्तित्वात असूनही पालकांना त्यांची वार्ता नसते. ती पोहोचविली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत दिव्यांग मुलांच्या पालकांस स्थान मिळवून द्यावे. आपल्या केंद्रात दिव्यांग विद्यार्थी किती, कायद्याप्रमाणे विशेष शिक्षक किती हवेत, मंजूर किती आणि प्रत्यक्ष कामावर किती, हे चार आकडे माहिती अधिकारात मागवून ग्रामसभेपुढे ठेवावेत. हे आकडे एका तालुक्याचे जरी गोळा झाले तरी जिल्हा परिषदेला उत्तर द्यावे लागेल.

न्यायालयाचा आदेश हे साधन आहे. ते वापरणारे हात नसतील तर ते निकालपत्रांच्या खंडांत पडून राहील. २०२१ च्या निकालाचे जवळजवळ तसेच झाले होते. गेल्या काही वर्षांत अपंग हा शब्द मागे पडून दिव्यांग हा शब्द आला, योजनांची नावे बदलली, विभागांच्या पाट्या बदलल्या. शिक्षकाचा करार मात्र तोच राहिला, आणि मुलाच्या शेजारची रिकामी खुर्चीही तीच राहिली. ती खुर्ची भरणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते कर्तव्य सरकारकडून करवून घेणे, हे समतेचे नाव घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचे काम आहे.